राखणदारांच्या टेकड्या

मेघालयातल्या खासी घरात पाहुण्यापुढे चहाच्याही आधी क्वाय येते. ओल्या सुपारीची फोड, विड्याच्या पानाचा तुकडा आणि त्यावर फिरवलेलं चुन्याचं बोट, एवढंच. कात नाही, बडीशेप नाही, गुलकंदाचा तर प्रश्नच नाही. आपल्याकडे पान जेवणावर येतं; इथे बोलण्याची सुरुवातच त्यानं होते. सुपारी वाळवलेली नसते, त्यामुळे ती चावायला लागलं की मिनिटभरात कानाच्या पाळ्या तापतात, कपाळावर घाम फुटतो. सवय नसलेल्याला जरा गरगरतंही. शिलाँगमध्ये मी ज्या घरी उतरले होते, तिथल्या कोंगनी (वयानं मोठ्या बाईला इथे कोंग म्हणतात, पुरुषाला बाह) माझा चेहरा बघून अर्धी फोड काढून घेतली आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा एवढीच खा. पण नाही म्हणायचं नाही."

नाही का म्हणायचं नाही, याची त्यांच्याकडे एक लोककथा आहे. दोन मित्र होते, एक श्रीमंत, एक गरीब. गरिबाचा श्रीमंताच्या घरी नेहमी पाहुणचार व्हायचा. एकदा श्रीमंत मित्र गरिबाच्या घरी आला, तेव्हा घरात त्याच्यापुढे ठेवायला काहीच नव्हतं. बायको शेजारीपाजारी फिरून आली, तिलाही काही मिळालं नाही. त्या लाजेनं दोघांनी जीव दिला, आणि ते बघून मित्रानंही दिला. मग देवानं ठरवलं, की कितीही गरीब घर असलं तरी पाहुण्यापुढे ठेवायला काहीतरी असायलाच हवं. तेव्हापासून पान, सुपारी आणि चुना आले. म्हणून क्वाय सगळ्या घरांत सारखीच, तिच्यात कुणाला श्रीमंती दाखवता येत नाही. जुनी माणसं पायी चालताना अंतरही क्वायवर मोजायची. अमुक गाव किती लांब, तर वाटेत इतक्या क्वाय चघळून होतील एवढं. आणि कुणी वारलं की म्हणतात, तो देवाच्या घरी क्वाय खायला गेला. गेलेल्या माणसाबद्दल इतकं मायेचं बोलणं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

मी मेघालयात गेले ती खरं तर पाऊस बघायला. माझं आजोळ आंबोलीच्या घाटाखालचं. तिथे पावसाळे काढलेल्या पोरीला पावसाचं कसलं अप्रूप, असं घरचे म्हणाले. पण चेरापुंजी हे नाव शाळेच्या भूगोलापासून डोक्यात बसलेलं होतं. तिथली माणसं गावाला सोहरा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. सोहऱ्याला आणि शेजारच्या मावसिनरामला वर्षाला सरासरी 11,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट. ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या बारा महिन्यांत तर सोहऱ्याला 26,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता, आणि तो जागतिक विक्रम मानला जातो.

हे का होतं, ते कड्यावर उभं राहिलं की पुस्तकाशिवाय कळतं. पायाखाली डोंगर सरळ तुटलेला असतो आणि पुढे नजर पोचेल तिथवर बांगलादेशचं सपाट, पाण्यानं चमकणारं रान. बंगालच्या उपसागरावरून निघालेले वारे त्या सपाटीवरून येतात, वाटेत त्यांना अडवणारं काही नसतं, आणि मग एकदम हजार-बाराशे मीटरची भिंत समोर येते. वर चढण्याशिवाय ढगांना वाटच उरत नाही. चढले की थंड होतात, आणि सगळं ओझं इथेच उतरवतात. मोठा पाऊस रात्री आणि पहाटे पडतो. पत्र्याच्या छपरावर त्याचा इतका आवाज होतो की शेजारी झोपलेल्या माणसाशी बोलता येत नाही; मावसिनरामकडे लोक त्यासाठी छपरावर गवताचे जाड थर अंथरतात. सकाळी दार उघडलं, तर ढग उंबऱ्याशी उभा.

आणि त्या ढगातून एक बाई पाठीवर इरलं घेऊन चालत आली, तेव्हा मी जागच्या जागी थांबले. माझी आजी भात लावणीला जे इरलं घ्यायची, अगदी तसंच: बांबूच्या कामट्यांची दुहेरी वीण, मध्ये रुंद पानं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत होडीसारखा आकार. इथे त्याला क्नुप म्हणतात. वाकून काम करताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी राहते. छत्रीला यातलं काही जमत नाही. मी त्या बाईंना खुणेनं विचारलं, त्यांनी क्नुप काढून माझ्या पाठीवर ठेवलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते हलकं होतं. कडेची वीण अनेक वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली, आणि एका जागी तुटलेली कामटी नव्या हिरव्या कामटीनं ओवून घेतलेली. आमच्याकडची इरली प्लास्टिकच्या कागदानं घालवली. ती कधी गेली, तेसुद्धा आम्हाला आठवत नाही.

सोहऱ्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट मात्र पाऊस नाही, पाण्याची टंचाई आहे. हिवाळ्यात इथल्या बायका पाण्यासाठी लांब चालतात. खाली चुनखडीचा सच्छिद्र दगड, वर मातीचा पातळ थर, आणि जंगल तुटलेलं. एवढं पाणी पडतं आणि बघता बघता बांगलादेशात उतरतं. आकाशानं इतकं दिलं तरी धरून ठेवणारं काही उरलं नसेल, तर डिसेंबरात हंडे रिकामेच. तिथून पुढे मी जे जे पाहिलं, ते या एका प्रश्नाच्या उजेडात पाहिलं: इथली माणसं काय धरून ठेवतात आणि कशी?

नोंगरियाट हे गाव दरीच्या तळाशी आहे. तिर्ना गावापासून तीन हजारांवर पायऱ्या उतरून जायचं. वाटेत लोखंडी तारांचे झुलते पूल लागतात, ते पावसात थरथरतात. खाली ओढ्यावर तो दुमजली पूल, ज्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. मीही पाहिले होते, आणि फोटोत पूल कळत नाही. फोटोत तो जुना, चमत्कारिक आणि तयार दिसतो. प्रत्यक्षात तो अजून चालू असलेलं काम आहे.

वड-पिंपळाच्याच कुळातलं रबराचं झाड ओढ्याच्या काठावर लावायचं. ते वाढून त्याला हवाई मुळं सुटली की पोफळीचं खोड मधोमध पोखरून त्याची पन्हळ करायची, ती ओढ्यावर आडवी टाकायची आणि कोवळी मुळं तिच्यातून पलीकडच्या काठाकडे न्यायची. मुळं पलीकडे जमिनीत रुजतात, जाड होतात, पन्हळ कुजून गळून पडते. माणसाचं वजन पेलायला पंधरा ते तीस वर्षं लागतात. या पावसात बांबूचा साकव काही वर्षांत कुजतो, लोखंड गंजतं. मुळांचा पूल मात्र जितका जुना तितका मजबूत, कारण तो जिवंत असतो. काही पूल शेकडो वर्षांचे आहेत. मी कठड्याजवळ बसून बराच वेळ बघत होते. दोन जाड मुळं जिथे एकमेकींवरून गेली होती, तिथे ती सांधली जाऊन त्यांची साल एक झाली होती. कुठलं मूळ कुठून आलं हे सांगता येत नव्हतं. आणि त्यांच्या बाजूनं पेन्सिलीएवढं एक नवं मूळ, लालसर टोकाचं, पोफळीच्या झावळीच्या पट्टीनं कठड्याला बांधलेलं. गाठ ताजी होती. त्याच आठवड्यात कुणीतरी येऊन बांधून गेलं असणार.

मला वाट दाखवायला आलेला मुलगा शिलाँगच्या कॉलेजात शिकतो. मी त्याला विचारलं, हे बांधायची पाळी कुणाची असते? तो म्हणाला, "पाळी नाही, कोंग. ज्याला दिसेल तो बांधतो."

हे वाक्य मी अजून बरोबर घेऊन फिरते. आपल्याकडे सार्वजनिक म्हटलं की ते कुणाचंच नसतं, हे आपण इतकं गृहीत धरलेलं आहे की एसटी स्टँडवर, नदीच्या घाटावर, किल्ल्याच्या बुरुजावर त्याचं दुःखसुद्धा होत नाही. झाड लावणाऱ्या माणसाला त्या पुलावरून स्वतः फार दिवस चालायला मिळणार नाही हे ठाऊक असतं, आणि तरी तो लावतो.

त्याच मुलाकडून मला इथल्या घरांची रीत कळली. मूल आईचं आडनाव लावतं, आईच्या कुळाचं होतं. एका कुळात लग्न होत नाही, मग नातं कितीही दूरचं का असेना. आणि वाडवडिलांचं घर जातं सगळ्यात धाकट्या मुलीकडे. तिला का खाद्दुह म्हणतात. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकून वाटतं की इथे बायकांचं राज्य आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं आणि, खरं सांगते, आनंद झाला. माझ्या आईचं माहेरचं आडनाव आता आमच्या घरात कुणाच्याच नावात नाही. आजोळी मामाला मूल नव्हतं. आजोबांबरोबर निघालेलं ते नाव मामापाशी संपलं. तीन बहिणींची मिळून सात मुलं आम्ही, पण त्या नावाच्या हिशेबात आम्ही कुणीच नाही. त्यामुळे आईकडून नाव चालतं अशी टेकडी या देशात आहे, हे नुसतं ऐकूनच मला गहिवरून आलं.

पण धाकट्या मुलीला मिळतं ते काय, हे कोंगनी मला नीट समजावलं. त्या स्वतः का खाद्दुह. रात्री शेगडीपाशी बसून, खांद्यावरची चौकड्याची शाल सारखी करत त्या सांगत होत्या. घर त्यांच्या नावावर आहे, पण ते त्यांना मनात आलं म्हणून विकता येत नाही. कुळाच्या माणसांचा शब्द लागतो. आई-वडिलांचं शेवटपर्यंत करायचं त्यांनी. लग्न न झालेला भाऊ, संसार मोडून परत आलेली बहीण, यांना या घराचं दार कायम उघडं ठेवायचं. जुना धर्म पाळणाऱ्या घरांत पूजाविधी आणि गेलेल्यांच्या अस्थी कुळाच्या दगडी थडग्यात पोचवणं, तेही खाद्दुहच्या घराचं काम. आणि मोठे निर्णय घेताना शब्द चालतो तो मामाचा. "मोठ्या बहिणी सुटल्या," कोंग म्हणाल्या, "त्या आपापली घरं करून मोकळ्या झाल्या. मी दिल्लीला नोकरी धरली होती. आई पडल्यावर परत आले." त्यात तक्रार नव्हती, पण अभिमानाचा आवही नव्हता. त्यांनी मला घर दाखवलं तेव्हा प्रत्येक वस्तू कुणाची हे सांगितलं: ही आजीची पेटी, हा मावशीचा आरसा. स्वतःचं असं त्यांनी काहीच दाखवलं नाही.

वाटाड्या मुलाची धाकटी बहीण सहावीत आहे. घर तिचं होणार. तुला त्याचं काही वाटत नाही का, असं मी त्याला विचारलं. वाटणाऱ्या पुरुषांची तिथे कमी नाही. वंश बापाकडून चालावा म्हणून मागणी करणाऱ्या पुरुषांच्या संघटनाही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला सगळंच चुकीचं वाटत नाही. बायकोच्या घरी राहायचं, मुलं तिच्या कुळाची, आणि आपला अधिकार चालतो तो बहिणीच्या घरी, हे ओढाताणीचंच आहे. पण तो मुलगा म्हणाला, "घर तिचं, पण तिच्या मुलांचा मामा मीच ना?" आपल्याकडे मामा लग्नात अंतरपाटाच्या मागे उभा राहतो आणि मग घरी जातो. इथे त्याला जाता येत नाही.

ही बाजू सांगितली की दुसरीही सांगायला हवी. गावाचा कारभार दोरबार श्नोंग बघते, म्हणजे गावाची सभा. वाटा झाडणं, पाण्याची पाळी, भांडणतंटा, दंड, सगळं तिच्याकडे. आणि या सभेत परंपरेनं बायकांना जागा नाही. जिच्यावरून वंश चालतो, जिच्या नावानं घर आहे, ती गावाच्या निर्णयाला बसत नाही. शिलाँगचा इयेवदुह बाजार बघितला की हे जास्तच खटकतं. तो जुना, अरुंद बोळांचा बाजार बायकाच चालवतात: सुकी मासळी, काळे तीळ, मध, विड्याच्या पानांचे भारे, लोखंडी कोयते, सगळ्यापुढे बायका बसलेल्या, खांद्यावर टाचलेला जैनसेम (खासी बायकांचं वस्त्र), तोंडात क्वाय, हिशेब तोंडपाठ. एवढा पैसा आणि एवढी माणसं रोज हाताळणाऱ्या बायकांना गावसभेत बसता येऊ नये, याला मला काही कारण सापडत नाही. काही गावांत हे आता बदलू लागलं आहे. ते लवकर बदलावं.

खासींचा जुना आठवडा आठ दिवसांचा, आणि दिवसांची नावं त्या त्या दिवशी जिथे बाजार भरतो त्या गावांवरून. अजूनही काही बाजार त्याच हिशेबानं भरतात, त्यामुळे सोमवार-मंगळवार धरून चालणाऱ्या पाहुण्याची फजिती होते. रविवार मात्र पक्का रविवार: दुकानं बंद, टॅक्सी मिळायची मारामार, आणि प्रत्येक टेकडीवरून चर्चमधलं चार सुरांचं गाणं. 1841 मध्ये थॉमस जोन्स हा वेल्समधला मिशनरी सोहऱ्याला आला आणि त्यानं खासी भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली. आज राज्यातले बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. इतर दिवशी दुपारी तीर या आकड्यांच्या खेळाच्या खिडक्यांवर गर्दी. तिरंदाज लक्ष्यावर बाण सोडतात, लागलेल्या बाणांची संख्या मोजतात, आणि तिच्या शेवटच्या दोन आकड्यांवर लोकांनी पैसे लावलेले असतात. आकडा निवडायचा तो रात्री पडलेल्या स्वप्नावरून. कोंगच्या घरी सकाळी चहाबरोबर पहिला प्रश्न हाच असायचा, की कुणाच्या स्वप्नात काय आलं.

कोंगथोंग नावाच्या गावात आई आपल्या प्रत्येक मुलासाठी एक सूर रचते. मुलाला कागदोपत्री नाव असतंच, पण हाक मारायची ती सुरानं. घरात त्याचा छोटा तुकडा, रानात पूर्ण सूर, कारण दरीपलीकडे तोच पोचतो. एकाचा सूर दुसऱ्याला देत नाहीत. माणूस गेला की तोही संपतो. या सुरांना जे नाव आहे त्यात कुळाच्या आद्य आजीचा उल्लेख येतो, तिच्या सन्मानार्थ ते गायचे. एका आईनं आम्हाला तिच्या धाकट्याची हाक ऐकवली, आणि तो खरोखरच धावत आला. मला ओशाळल्यासारखं झालं. पाहुण्यांना ऐकवायला ती हाक नव्हती.

मावफ्लांगच्या देवराईतून काहीही बाहेर न्यायचं नाही: फळ नाही, वाळकं पान नाही, काटकी नाही. कोकणातल्या देवराया माहीत असल्यानं मला यात नवल वाटायला नको होतं. पण आमच्या देवराईत आता देवळाला सिमेंटचा सभामंडप आहे, फरशी आहे, आणि त्यासाठी झाडं गेली. मावफ्लांगला आत देऊळच नाही. दगड उभे आहेत, शेवाळ आहे, ऑर्किडं आहेत, आणि कुठूनतरी सतत झिरपणारं पाणी आहे. सोहऱ्याच्या हंड्यांना जे मिळत नाही ते पाणी इथे टिकून आहे, कारण इथलं पानसुद्धा कुणी उचलत नाही. आमचा वाटाड्या बाहेर पडताना बुटाच्या तळव्याला चिकटलेली पानं वाकून काढत होता, एकेक.

पण या टेकड्यांवर सगळीकडे अशी राखण आहे असं म्हटलं तर ते खोटं होईल. मेघालयातली बहुतेक जमीन आणि जंगल कुळांचं, गावांचं किंवा खासगी आहे. सरकारकडे त्यातला फार थोडा भाग. ईशान्येतल्या आदिवासी भागांसाठी असलेल्या घटनेच्या सहाव्या अनुसूचीनं या व्यवस्थेला संरक्षण दिलेलं आहे. याच व्यवस्थेनं मावफ्लांग राखलं, आणि याच व्यवस्थेत जैंतिया टेकड्यांवर माणूस जेमतेम सरपटेल एवढ्या बिळांतून कोळसा निघत राहिला. जमीन ज्याची कोळसा त्याचा. नद्या आम्ल झाल्या, मासे गेले. राष्ट्रीय हरित लवादानं 2014 मध्ये बंदी घातली, तरी डिसेंबर 2018 मध्ये क्सान इथल्या खाणीत पाणी घुसून किमान 15 मजूर अडकले. ते जिवंत बाहेर आले नाहीत. कोंगसमोर मी हा विषय काढला तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कुळाची जमीन एकेकाच्या नावावर करून घेतली, तिथून हे सुरू झालं." याला त्यांच्या परीनं अनेक उदाहरणं त्यांनी दिली, माणसांच्या नावांसकट. ती इथे लिहीत नाही. पण धाकट्या मुलीला घर विकायची मोकळीक का नाही, हे मला त्या रात्री जास्त समजलं.

नोंगरियाटहून परतीच्या वाटेवर त्या मुलानं मला मुख्य वाट सोडून थोडं खाली नेलं. तिथे एका लहान ओढ्यावर त्याच्या मामानं रबराचं झाड लावलेलं आहे. खोड अजून मांडीएवढंही नाही. दोन-तीन मुळं पोफळीच्या पन्हळीतून हातभर पुढे गेली आहेत, पलीकडचा काठ अजून बराच लांब आहे. मी विचारलं, यावरून चालायला कधी मिळेल? त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि सांगितलं की बहिणीला मुलं होतील, ती शाळेत जायला लागतील, साधारण तेव्हा. कॉलेजला सुट्टी नसली तरी पावसाळ्यात तो अधूनमधून घरी येतो तो यासाठीच. मुळं वाढतात ती पावसाळ्यात, आणि तेव्हाच ती हवी तशी वळवून घ्यावी लागतात; नंतर ती ऐकत नाहीत.